बिळातलं भात

पहिला जोराचा पाऊस पडून ओहोळ वाहायला लागले की आमच्या गावात रात्री कुणी घरात थांबत नसे. वलगणीचे मासे चढायचे. पोटात अंडी घेतलेले मासे धारेच्या उलट पोहत खाचरांत शिरायचे आणि गाव कंदील, कोयते, टोपल्या घेऊन बांधावर उभा. मागोमाग चिंबोऱ्या. बांधातल्या बिळात कोपरापर्यंत हात घालायचा, नांगी बोटाला लागली तर दात-ओठ खायचे, पण चिंबोरी सोडायची नाही. यात कुणाला कमीपणा वाटत नसे. उलट ज्याची टोपली आधी भरली त्याचा रुबाब.

पण त्याच बांधातलं शेजारचं बीळ उंदराचं असलं तर गोष्ट वेगळी. त्या बिळात हात घालणारा माणूस आमच्यातला नव्हता. तो कातकरी. एकाच बांधावरची दोन बिळं, हातभर अंतराची. एकातलं काढणारा शेतकरी आणि दुसऱ्यातलं काढणारा उंदीरखाऊ. माणूस काय खातो यावरून तो कोण हे आमच्याकडे असं ठरायचं.

गाव सुधागड तालुक्यातलं, आंबा नदीच्या खोऱ्यातलं. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा. रायगड हे नाव १९८१ साली आलं. पालीचा बल्लाळेश्वर आम्हांला चालत जाण्याइतका जवळ. गावाबाहेर माळाच्या उतारावर कातकऱ्यांची बारा-पंधरा झोपड्यांची वाडी होती. कुडाच्या भिंती, वर पेंढा. झोपड्यांखालची जमीनसुद्धा त्यांची नव्हती. पावसाळ्यात आमच्या लावणीला यायचे, दिवाळी झाली की कोळशाच्या भट्ट्यांवर किंवा वीटभट्टीवर जायचे, आणि मधल्या दिवसांत जंगलात, ओढ्यात, बांधावर जे मिळेल त्यावर जगायचे.

वाडीतला एक मुलगा माझ्या वर्गात होता. इतक्या वर्षांनी हे लिहितोय म्हणून मी त्याला विचारलं. "लिही, पण नाव नको घालू," म्हणाला. म्हणून नाव नाही. त्याच्या बाला आम्ही पोरंसुद्धा अरे-तुरे करायचो. माझ्या बाबांपेक्षा तो माणूस वयाने मोठा होता. आज लिहिताना 'ते' लिहितो. तेव्हा जिभेला ती सवय नव्हती.

१९७१ सालची गोष्ट. मी नऊ वर्षांचा. मार्गशीर्ष लागला होता. गरव्या भाताची कापणी होऊन भारे खळ्यावर गेले होते, खाचरं उघडी पडली होती. या दिवसांत उंदीर सगळ्यांत गुबगुबीत असतो, कारण महिनाभर तो नव्या भातावर पोसलेला असतो. रविवारी मित्र म्हणाला, "आमी तुमच्याच बांधावर येणार हाय. येतोस का?" मी गेलो.

त्याचे वडील बांधाच्या कडेने चालायचे आणि ताज्या मातीचा ढीग दिसला की थांबायचे. माती मुठीत घेऊन चुरायचे. ओलसर लागली तर उंदीर आत आहे. सुकून पांढरी पडली असेल तर पुढं चला. बिळाला एकच तोंड कधी नसतं. यायची-जायची वाट उघडी, आणि पळायची वाट मातीच्या पातळ पापुद्र्याने झाकलेली. ती शोधून तिच्यावर टाच रोवून उभं राहायचं, हे आम्हा पोरांचं काम. मग पेंढ्याची चूड पेटवून तोंडात कोंबायची आणि सुपाने वारा घालायचा.

धूर आत गेला की आधी काय बाहेर येईल याचा नेम नसतो. एका बिळातून धामण निघाली. मी बोंबललो. त्यांनी ती शेपटीला धरून उचलली आणि शेजारच्या खाचरात सोडून दिली. "ती पण उंदरालाच आलीय. तिचा पण वाटा हाय," म्हणाले.

मग पहार. बांध उकरत आत जायचं, पण उकरलेली माती लगेच मागे लोटून पायाने दाबायची. बांध फुटला तर शेतकरी पुढच्या वर्षी पाऊल ठेवू देणार नाही. आत एका बाजूला गवताचं मऊ घरटं, दुसऱ्या बाजूला कोठार. ते कोठार मी पहिल्यांदा पाहिलं आणि पाहतच राहिलो. भाताच्या लोंब्या एकीवर एक रचलेल्या, देठ कुरतडून जवळजवळ एका मापाचे केलेले. आमच्या खळ्यावर इतकी टापटीप नव्हती.

दुपारपर्यंत दहा-बारा बिळं झाली. उंदीर चौदा. आणि लोंब्या झोडून, सुपाने पाखडून झाल्यावर भात निघालं तीन पायल्या. वर्षभर विकतचं नाहीतर मजुरीचं भात खाणाऱ्या घरात तीन पायल्या म्हणजे काय, हे मला कळायचं वय नव्हतं. त्याच्या आईचा चेहरा तेवढा लक्षात आहे.

उंदीर तिने केले. आधी पेंढ्याच्या जाळावर फिरवून केस जाळले, विळीच्या पात्याने कातडी खरवडून पांढरी केली, शेपूट आणि पंजे काढले, पोट फाडून साफ केलं, दोन-तीन पाण्यांनी धुतलं. चार उंदीर निखाऱ्यावर तसेच भाजले, मीठ लावून. बाकीच्यांचे तुकडे करून कांदा, हळद, मिरची घालून मडक्यात शिजवले. सगळेच उंदीर खातात हा आमच्या गावाचा समज खोटा होता. घरातला उंदीर ती मंडळी खात नाहीत. "तो घाण खातो. ह्यो भात खातो," इतकं सरळ कारण. लाल तोंडाचं माकडही त्यांना चालत नाही. रामाबरोबर लंकेला गेलेल्या वानरांचे आपण वंशज, असं त्यांच्यातली म्हातारी माणसं सांगत. आपल्याच माणसाला कोण खाईल?

पळसाच्या पानावर भाजलेला अर्धा उंदीर आणि नाचणीची भाकरी माझ्यासमोर ठेवून त्याच्या आईने विचारलं, "तुज्या घरात चालंल का रं?" मी हो म्हणालो. ते खोटं होतं. मांस थोडं, पण गोड. गावठी कोंबडीच्या मानेजवळच्या मांसासारखं, आणि धुराचा वास. पाठीजवळची बारीक हाडं कुरकुरीत झालेली. मी रश्शातलेही दोन तुकडे मागून घेतले.

घरी आलो तर हाताला वास. दोनदा माती लावून हात धुतले. तरी आईने विचारलंच, "दिवसभर कुठं होतास?" बाबा ओटीवर बसलेले. खाल्ल्याचं लपवायचं होतं, तोंडाला काहीतरी दुसरं सांगायला हवं होतं. म्हणून मी भाताचं सांगितलं. "आपल्या बांधातनं कातकऱ्यांनी तीन पायल्या भात काढलं!" नवलाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

बाबा म्हणाले, "तीन पायल्या? आपल्या शेतातलं?"

आजी आतून बाहेर आली. "सांडलेलं पाखराचं, बिळातलं कातकऱ्याचं. माझ्या सासऱ्याच्या वेळेपासून हाय तसं. त्यांनी उंदीर काढला नाय तर पुढच्या साली तुझं दहा पायल्या खाईल."

"उंदीर त्यांनी खुशाल न्यावा. भात माझं."

तेव्हा आजी जे म्हणाली ते मला पुढे पुष्कळ वर्षांनी उलगडलं. ती म्हणाली, "खोत खळ्यावर मापायला बसायचा तवा तुझा बाप मान खाली घालून उभा असायचा. आता तू बसणार काय मापायला?"

सकाळी बाबा वाडीवर गेले. मला बरोबर घेतलं. पायलीचं माप माझ्या हातात होतं.

तिथं भांडण झालं नाही. मित्राच्या वडिलांनी आतून भात आणून ओतलं. बाबांनी मापून अर्धं घेतलं, म्हणजे त्यांच्या लेखी त्यांनी दयाच केली. मित्र कुडाला टेकून माझ्याकडे पाहत होता. त्याच्या आईला एक वाक्य बोलता आलं असतं. 'शेट, काल तुमच्या पोराने हितंच बसून उंदीर खाल्ला.' एवढ्यावर बाबांची मान खाली गेली असती, आणि माझी पाठ फुटली असती. ती बोलली नाही.

आजीच्या बोलण्यामागे जो इतिहास होता तो आमच्या जिल्ह्याचा आहे. आमची जमीन खोताची. कूळ म्हणून कसायची आणि पीक निघालं की खोताचा वाटा खळ्यावरून जायचा. याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी, १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचं बंद केलं. तो संप सहा वर्षं चालला. पुढे कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. कसेल त्याची जमीन. आमचंही नाव सातबाऱ्यावर चढलं. पण कातकरी कूळ नव्हता. तो कसत होता ते मजूर म्हणून, आणि जगत होता ते रानावर. खैराच्या लाकडातून कात काढणारे म्हणून ते कातकरी. इंग्रजांनी १८७८ चा जंगल कायदा करून राखीव रानं आखली आणि त्यांचा धंदाच नाही तर शिकारीचं रानही गेलं. कसणाऱ्याला जमीन देणाऱ्या कायद्यात रानात वेचणाऱ्यासाठी काही नव्हतं. त्याच्या वाट्याला बांध आला, आणि बांधातलं बीळ.

मोठा झाल्यावर नोकरीसाठी पुण्याला गेलो. तिथं ग्रंथालयात वाचायची सवय लागली. आणि एक दिवस जे सापडलं त्याने मी चक्रावलो.

'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याने तो बाराव्या शतकात, ११२९ च्या सुमारास रचला. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातलं बसवकल्याण. पण त्या राज्यात आपला बराच मुलूख होता, आणि मराठीतल्या अगदी जुन्या गीतांचे नमुने याच ग्रंथात मिळतात. यात राजाने कसं राहावं, काय ल्यावं, काय खावं हे सगळं आहे. अन्नाच्या प्रकरणात उंदीर आहे. नदीकाठच्या शेतांत वाढलेला काळा, धट्टाकट्टा उंदीर. त्याला शेपटीला धरून गरम तेलात केस निघेपर्यंत धरावं, गरम पाण्याने धुवावं, पोट फाडून आवळा आणि मीठ घालून शिजवावं. नाहीतर लोखंडी सळईला लावून निखाऱ्यावर भाजावं आणि वर मीठ, जिरं भुरभुरावं. भाजलेलं कासवही आहे त्याच प्रकरणात. कसला उंदीर खावा हे राजालाही मित्राच्या आईइतकंच नेमकं ठाऊक होतं: घरातला नव्हे, शेतातला. आवळा आणि जिरं सोडलं तर त्या दोन चुलींत मला फरक दिसला नाही. एक राजवाड्यातली होती आणि दुसरी दुसऱ्याच्या जागेवरच्या झोपडीतली.

मग मी असल्या नोंदी शोधतच गेलो. मनुस्मृतीत पाच नखांच्या प्राण्यांचा नियम आहे. असे प्राणी खाऊ नयेत, पण त्यातून काही वगळलेले: साळिंदर, घोरपड, गेंडा, कासव, ससा. म्हणजे जी घोरपड आणि जे साळिंदर खाणाऱ्याला आमच्या गावात ओटीवर चढू देत नसत, ते द्विजांना चालतं असं स्मृती सांगते. वाल्मीकी रामायणात बाण लागून पडलेला वाली रामाला याच नियमाची आठवण देतो. पाच नखांचे खाण्याजोगे प्राणी ठरलेले आहेत, त्यांत वानर नाही. मग माझं मांस तुझ्या कामाचं नाही, मला मारलंस कशाला? हे वाचताना मला वाडीतली ती म्हातारी माणसं आठवली. वानर खायचा नाही हा नियम त्यांनी कुठल्या पोथीतून घेतला नव्हता.

आणि अशोकाचा शिलालेख. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षं झाल्यावर त्याने स्तंभावर कोरून घेतलं, अमुक प्राणी मारू नयेत. त्या यादीत वटवाघूळ आहे, साळिंदर आहे, कासव आहे. जे कुणी मारतच नाही ते मारू नका असं राजा दगडावर कशाला कोरेल?

म्हणजे उंदीर, घोरपड, साळिंदर हे काही कोपऱ्यातल्या चार माणसांचं विचित्र खाणं नव्हे. या देशात ते राजाच्या ताटात होतं, शास्त्राच्या यादीत होतं. वरच्यांनी ते केव्हातरी सोडलं. ज्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं त्यांना सोडता आलं नाही, आणि मग तेच त्यांच्या हलकेपणाचा पुरावा ठरलं. बिहारमधल्या मुसहरांच्या तर नावातच उंदीर आहे. तेही बिळातलं धान्य काढतात.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. तो हवाच होता. बंदुका आणि जीपगाड्या घेऊन शिकारीला येणारे आम्ही डोळ्यांनी पाहिलेत. घोरपड, साळिंदर, ससा सगळ्यांना संरक्षण मिळालं. पण त्या कायद्याला तेव्हा एक पाचवं परिशिष्ट होतं, उपद्रवी प्राण्यांचं. त्यात कावळा होता, फळं खाणारं वटवाघूळ होतं, आणि उंदीर. असे प्राणी मारायला मोकळे. कायद्याने कातकऱ्याला उघडपणे खाता येईल असं जे मांस शिल्लक ठेवलं ते हे.

पण ते तरी आम्ही कुठं शिल्लक ठेवलं?

त्या सकाळनंतर वाडीची माणसं आमच्या बांधावर आली नाहीत. बाबांनी बोलावलं नाही, ते विचारायला आले नाहीत. दोन वर्षांत उंदीर एवढे माजले की बांध चाळणीसारखे झाले, लावणीला खाचरात पाणी थांबेना. मग बाबांनी तालुक्याहून झिंक फॉस्फाइड आणलं. काळी पूड, लसणासारखा उग्र वास. पिठात तेल घालून तिच्या गोळ्या करायच्या आणि बिळात टाकायच्या. बाबांनी वाडीवर निरोप मात्र पाठवला, "औषध घातलंय, आमच्या शेतातला उंदीर खाऊ नका." तेवढं माणूसपण त्यांच्यात होतं, ते मी नाकारत नाही. बघता बघता सगळा गाव औषध घालू लागला, आणि वाडीचं मार्गशीर्षातलं मांस आणि भात दोन्ही संपलं.

विसाव्या वर्षी मी घरात एकदा बोलून गेलो की मी उंदीर खाल्लाय. काकी कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे, गणपतीचं वाहन ते! बल्लाळेश्वराला काय तोंड दाखवशील?" पडवीत त्याच वेळी औषधाच्या गोळ्या वाळत घातलेल्या होत्या. आजी तेव्हा नव्हती. ती असती तर काहीतरी बोलली असती.

त्या औषधाची एक गोष्ट मनातून जात नाही. बिळातलं भात काढणारं कुणी राहिलं नाही. उंदीर आत मेले आणि कोठारं तशीच राहिली. पुढच्या मृगाला पाऊस पडला तेव्हा बांधाच्या पोटातून जागोजागी भाताचे हिरवे कोंब वर आले. झुबके झुबके, कुणी रोप टाकल्यासारखे. बाबांनी ते उपटून गुरांना घातले. मापून बघण्यासारखे ते नव्हतेच.

मित्राने शाळा चौथीत सोडली. वीटभट्टीवर जाणाऱ्या घरातल्या पोराने सोडावी तशीच सोडली, त्याचं खापर मी माझ्या माथ्यावर घेत नाही. गेल्या वर्षी गावी गेलो तेव्हा वाडीवर गेलो. आता तिथं चार पक्की घरं आहेत, नळ आहे, पण खालची जमीन अजून त्यांच्या नावावर नाही. तो अंगणात जाळं विणत बसला होता. दाढी पांढरी. नातू कॉलेजला जातो म्हणाला, आणि उंदराचं नाव काढलं की चिडतो.

बोलता बोलता मी ती सकाळ काढली. मला वाटलं होतं, तो विसरला असेल. तो जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला, "तुझ्या बानं अर्धं नेलं त्याचं काय नाय रं. खोतापासून हेच बघतोय. पण आयनं त्यातलं शेरभर भात येगळं काढून भिजत घातलेलं. रात्रीच. म्हणाली, पोरगं भाकर आवडीनं खाऊन गेलं, त्याला नव्या भाताचं पोहं कांडून देऊ. तुझा बा आला तवा तिला वाटलं, भिजलेलं भात दिसलं तर चोरून ठेवलं म्हणंल. म्हणून ते पण निथळून ढिगात ओतलं."

आम्ही घरी नेलेलं भात खाली ओलं होतं. बाबांनी तेव्हा मला ते उन्हात पसरायला लावलं होतं. "कातकऱ्यांनी वजन वाढावं म्हणून पाणी मारलंय," असं ते म्हणाले होते, आणि मी ते खरं मानलं होतं.